टोपीतला पोटभाडेकरू

मित्रांनो, मी एक जुनी काळी टोपी आहे. मला हातात घेऊन उजेडाकडे धरलेत तर माथ्यावर, जरा मागच्या अंगाला, एक फुगवटा दिसेल. पाहणाऱ्याला वाटते, टोपी कुठेतरी चेमटली. पण चेमटलेली टोपी आत जाते, माझा फुगवटा बाहेर आलेला आहे. तो कोणी आणला आणि आणणारा पुढे कुठे गेला, एवढीच माझी गोष्ट आहे. मला स्वतःचे डोके नाही हे मान्य. पण दुसऱ्याच्या डोक्यावर जन्म काढल्यामुळे डोक्यांबद्दल मला थोडेफार कळते, आणि आता या वयात सांगायला संकोच कसला?

माझा जन्म गिरगावात, ठाकूरद्वारजवळच्या एका टोप्यांच्या दुकानात झाला. वरून काळे लोकरी कापड, आत ताठपणासाठी पुठ्ठा, त्यावर लाल साटिनचे अस्तर आणि कपाळाला टेकते तिथे मऊ कातड्याची पट्टी, असा माझा थाट होता. शिवून झाल्यावर मला लाकडी साच्यावर ताणले, वाफ दिली आणि काचेच्या कपाटात मांडले. त्या काळी कुणी उघड्या डोक्याने घराबाहेर पडला तर लोक विचारीत, घरात कुणी गेले का? कारकून, मास्तर, वकील, सगळ्यांच्या डोक्यावर आम्ही. मिरवायचे दिवस होते आमचे.

एका संध्याकाळी श्यामकांत टिपणीस नावाचा तरुण दुकानात आला. त्याला फोर्टातल्या एका कचेरीत नुकतीच नोकरी लागली होती. पुढे सगळे त्याला तात्या म्हणू लागले, म्हणून मीही तात्याच म्हणते. दुकानदाराने फीत लावून माप घेतले आणि अगदी बेताची टोपी काढून दिली. तात्यांनी ती घातली, तोंड वाकडे केले आणि लगेच काढली.

"याच्यापेक्षा एक नंबर मोठी द्या."

"मोठी कानांवर उतरेल, साहेब. डोकं काय आता वाढणार आहे का?"

"तुम्ही द्या तर खरी."

ती एक नंबर मोठी टोपी म्हणजे मी. पहिल्यांदा तात्यांच्या डोक्यावर बसले तेव्हाच मला उलगडा झाला. दाट केस होते, खोबरेल तेलाचा वास होता आणि माथ्याच्या मागे केसांखाली हरभऱ्याएवढे काहीतरी होते. गोल, गुळगुळीत, घट्ट. मी जरा सरकले की तेही कातडीखाली जरासे सरके. दुखत नव्हते, खाजत नव्हते, नुसते होते. आमच्या गिरगावात जागा एकाच्या नावावर आणि आत राहतो दुसराच, त्याला पोटभाडेकरू म्हणतात. मी मनात म्हटले, या डोक्यावर माझ्याआधीच एक पोटभाडेकरू येऊन बसला आहे.

त्याचे खरे नाव आवाळू. कातडीखाली एक इवलीशी पिशवी धरते, तिच्यात मेणासारखे पांढरे काहीतरी साठत जाते आणि वर्षानुवर्षे ती सावकाश फुगत राहते. हे ज्ञान मला फार उशिरा, एका डॉक्टरांच्या तोंडून मिळाले. त्या वेळी मला एवढेच कळले की या माणसाने मला ऊन लागू नये म्हणून घेतलेले नाही, लपवण्यासाठी घेतले आहे. मला जरा रागच आला. मी काय पडदा आहे?

पण राग टिकला नाही, कारण तात्या आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई मला फार जपत. रोज सकाळी दुर्गाबाई मऊ ब्रशने माझी धूळ झाडीत. उन्हाळ्यात घाम आणि तेल मिळून माझी कातड्याची पट्टी चिकट होई आणि तात्यांच्या कपाळावर, केस सुरू होतात तिथे, बारीक पुळ्या उठत. तात्या आरशात बघून चिडत.

"अहो, पुळ्यांवर कसले रागावता? टोपीची पट्टी बघा आधी," दुर्गाबाई म्हणत. मग रिठ्याच्या पाण्यात फडके बुडवून त्या माझी पट्टी पुसून काढीत, मला सावलीत वाळवीत, तात्यांना तेल कमी लावायला सांगत. पुळ्या निघून जात. एकदा मानेवर केसतोड झाले. लालभडक, गरम, आतून ठणकणारे. तात्या ते फोडायला निघाले तेव्हा दुर्गाबाईंनी त्यांचा हात धरला. अळशीचे कोमट पोटीस बांधले आणि ते आपोआप फुटून बरे होईपर्यंत मला खुंटीवरून हलू दिले नाही. तेव्हा असे समजू नका की त्या घरात डोक्याच्या दुखण्याची कुणाला समज नव्हती. पुळी, केसतोड, टेंगूळ, सगळ्यांची नावे उघड घेतली जात. फक्त आवाळू हा शब्द त्या दोन खोल्यांत कधी उच्चारला गेला नाही.

त्याला कारण होते. तात्यांच्या वडिलांच्या डोक्यावरही आवाळू होते. गावच्या जत्रेत एका वैदूने ते कापतो म्हणून सांगितले आणि कसल्याशा सुरीने कापले. जखम चिघळली, ताप चढला आणि ते गेले. तात्या तेव्हा लहान होते. त्यांनी मनाशी गाठ बांधली ती कायमची, की आवाळू कापले की माणूस मरतो. म्हणून ते कुणाला दाखवायचे नाही, त्याचे नावही काढायचे नाही. दाखवले तर कुणीतरी कापायला सांगणार, ही त्यांची भीती. दुर्गाबाईंना सारे ठाऊक होते. त्यांनी लग्नानंतर दोनतीनदा विषय काढून पाहिला आणि मग सोडून दिला.

वर्षे गेली. हरभऱ्याची सुपारी झाली. तात्या केस मागे वळवून तिच्यावर नीट बसवीत आणि आंघोळीनंतर मला जे डोक्यावर घेत ते निजेपर्यंत. मीनाक्षी ही त्यांची एकुलती एक मुलगी. "तात्यांच्या डोक्याला हात लावायचा नाही," असा घरात नियमच होता. ती बिचारी समजे, वडिलांचा मान म्हणून असेल. आणि मी? पोटभाडेकरू खालून दाबत होता, तसतशी मी वरून फुगत होते. कचेरीतले एकजण म्हणालेही, "तात्या, टोपीला पोक आलंय हो." तात्या म्हणाले, "जुनी झाली." तेव्हा मी चांगली धडधाकट होते! पण आपल्या माणसासाठी एवढे ऐकून घ्यावे लागते.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती वेगळी ठेवणार, अशी बातमी रेडिओवर आली आणि गिरगाव पेटून उठले. दुकानांच्या फळ्या लागल्या, ट्रामगाड्या थांबल्या, घराघरांतून माणसे रस्त्यावर आली. लालबाग-परळच्या गिरण्यांतले कामगारही बाहेर पडल्याचे कळले. तात्या तसे भित्रे गृहस्थ. मोर्चा दिसला की फुटपाथ बदलणारे. पण त्या दिवशी कचेरीतून पायी येताना ठाकूरद्वारच्या नाक्यावर गर्दीत सापडले आणि सगळ्यांबरोबर त्यांच्याही तोंडून घोषणा निघाली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" तो आवाज मी त्यांच्या डोक्यावर बसून ऐकला. कवटी नुसती घुमली. इतक्या वर्षांत असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

घोषणा संपते न संपते तोच अश्रुधुराची नळकांडी पडली. पळापळ झाली. तात्याही पळाले. पोलिसांची लाठी त्यांच्या जवळपासही आली नाही, हे मी शपथेवर सांगते. धापा टाकत वाडीच्या दारात शिरताना ते पायरीला अडखळले आणि मी डोक्यावरून उडून फरशीवर उताणी पडले. वाडीतली माणसे दारातच जमली होती. त्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे कार्यकर्ते अच्युतराव होते. माणूस उत्साही, मनाचा मोकळा आणि आवाजाचा त्याहून मोकळा. विस्कटलेल्या केसांतून वर आलेले आवाळू त्यांनी पाहिले मात्र, आणि ते ओरडले,

"अरे, तात्यांच्या डोक्यात लाठी बसली! हे टेंगूळ बघा केवढं आलंय! सुपारीएवढं!"

सगळे धावले. तात्यांनी तोंड उघडले. मी खालून त्यांच्याकडे पाहत होते. ओठ हलले, गळा हलला आणि शब्द आले ते एवढेच, "काही नाही हो, थोडंसं लागलंय."

मित्रांनो, सगळा घोळ या एका शब्दाचा. टेंगूळ आणि आवाळू दोन्ही दिसायला गोलच. पण टेंगूळ म्हटले की आपल्याकडे प्रत्येकाच्या हाताला एकच गोष्ट सुचते: दाबा म्हणजे जिरेल. अच्युतरावांनी तात्यांना पायरीवर बसवले आणि मनगटाजवळचा तळहात लावून असे दाबले की तात्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"सोसा, तात्या, सोसा! दाबल्याशिवाय टेंगूळ जिरत नाही."

दुर्गाबाई धावत आल्या होत्या. त्यांनी मला उचलून पदराने पुसले. त्या काही बोलणार तोच तात्यांनी डोळ्यांनी खुणावले. त्या गप्प बसल्या, पण मला इतक्या जोरात धरून उभ्या राहिल्या की माझा पुठ्ठा करकरला.

दुसऱ्या दिवसापासून वाडीतला जो येई तो तात्यांची विचारपूस करी आणि जाताना टेंगूळ दाबून जाई. कुणी थंडगार वाटी घेऊन दाबी, कुणी अंगठ्याने. कुणी आंबेहळद उगाळून आणली. आणि काय सांगू, तात्यांना ते थोडेसे आवडू लागले. इतकी वर्षे लपवलेली गोष्ट आता मानाने उघडी फिरत होती. ते वाडीत बोडके हिंडत, लोक वाट सोडीत. "लाठी खाल्लेले तात्या," असे म्हणत. अच्युतरावांनी जाहीरच केले की वातावरण निवळले की वाडीच्या सभेत तात्यांना हार घालायचा. मी खुंटीवर लटकत होते. पोटभाडेकरूने मालकाचा मान घ्यावा आणि मला घराबाहेर काढावे, हे मला मुळीच पटले नाही.

पण मान फार दिवस टिकला नाही. टेंगूळ असते तर एव्हाना उतरले असते. हे उतरेना. उलट दाबून दाबून आतली पिशवी फुटली असावी. कातडी लाल झाली, ताणली गेली, आतून ठणका सुरू झाला. इतक्या वर्षांत कधी न दुखलेले आवाळू दुखू लागले आणि तात्यांना ताप भरला. कचेरीत रजा कळवून ते आतल्या खोलीत पडून राहिले. दुर्गाबाई म्हणाल्या, "आता तरी डॉक्टरांना दाखवू या." तात्यांनी भिंतीकडे तोंड केले. "दाखवलं की कापतील," एवढेच म्हणाले.

माझी खुंटी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी होती. मीनाक्षी केस विंचरायला तिथेच बसे. ती कॉलेजात जाणारी मुलगी, लांबसडक केसांची, बोलकी. पण आठवडाभर तिचे बोलणे कमी झाले होते. वेणी घालताना तिचे बोट पुन्हा पुन्हा कानामागे, जरा वरच्या बाजूला एकाच जागी जाई आणि दचकून मागे येई. मला काय ते कळून चुकले. असे चाचपणारे बोट मी आयुष्यभर पाहिले होते.

त्या दुपारी शेजारची बेबी, तिची मैत्रीण, आली होती. मीनाक्षीने तिचे बोट धरून आपल्या केसांत नेले.

"इथे. लागलं का?"

"अगंबाई, काय गं हे? वाटाण्याएवढं आहे."

"शिकेकाईने न्हाताना हाताला लागलं. कुणाला सांगू नकोस हं. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात आमच्या वर्गातल्या एकीची मावशी होती ना, तिलाही आधी अशीच गाठ आली होती म्हणे."

"दुर्गाकाकूंना सांगितलंस?"

"आईला कसं सांगू? तात्यांचं हे असं चाललंय." मीनाक्षी वेणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तात्यांना निदान लाठी तरी लागलीय गं. त्यांचं टेंगूळ कशाने आलं ते सगळ्यांना माहीत आहे. मला तर कुणीच मारलं नाही. मग माझं कशाचं?"

मला माहीत होते कशाचे ते! तिच्या आजोबांचे, तिच्या वडिलांचे तेच तिचे. एका वाक्यात तिची भीती गेली असती. पण टोपीला वाक्य कुठले? बेबी तिला समजावून घरी गेली. मीनाक्षी खिडकीत बसून रडू लागली, आवाज न करता, तोंडात पदर धरून.

आतल्या आणि बाहेरच्या खोलीमध्ये फक्त लाकडी पडदी होती. तात्या जागे होते. आतून कॉट करकरली, मग पावले आली आणि तात्या दारात उभे राहिले. तापाने डोळे लाल, डोके उघडे. दुर्गाबाई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी हात थांबवून बघत राहिल्या. तात्या मुलीसमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी डोके खाली वाकवले.

"हात लाव."

"तात्या?"

"लाव म्हणतो ना. हळू. दुखतं."

ज्या डोक्याला हात लावायचा नाही असा नियम होता, त्या डोक्यावर मीनाक्षीने भीत भीत बोट ठेवले.

"हे टेंगूळ नाही," तात्या म्हणाले. "लाठी मला लागलीच नाही. हे आवाळू आहे. तू जन्मायच्या आधीपासून आहे. तुझ्या आजोबांना होतं, मला आहे, आता तुला आलंय. आपल्या घरातलंच आहे, बाहेरून काही आलेलं नाही."

"मग तुम्ही इतके दिवस..."

"घाबरलो होतो. आजोबांचं जत्रेत एका वैदूने कापलं आणि ते गेले."

मीनाक्षी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने विचारले, "आजोबा त्याच्यानेच गेले का?" त्यावर तात्या म्हणाले, "माहीत नाही. मी कधी कुणाला विचारलंच नाही. चल, विचारू या." आणि त्यांनी उठून खुंटीवरून मला काढले. ठणकत्या डोक्यावर मला घालता येणार नव्हते, म्हणून हातात धरले. रस्त्यावर उघड्या डोक्याने, मुलगी एका बाजूला, पत्नी एका बाजूला आणि मी हातात, असे आम्ही डॉक्टर हेमचंद्रांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर हेमचंद्र ठाकूरद्वारलाच बसत. त्यांनी हात धुतले, केस बाजूला केले आणि न दाबता नुसते बघितले.

"कधीपासून आहे?"

"लग्नाच्या आधीपासून."

"म्हणजे वहिनींपेक्षा जुनं!" डॉक्टर हसले. "आणि दाबलं कोणी?"

"सगळ्या वाडीने," दुर्गाबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्या तोंडावर हसू आले.

वडिलांची हकीकत ऐकून डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "तात्या, तुमचे वडील आवाळूने गेले नाहीत. मळक्या सुरीने जखम पिकली, त्याने गेले. आवाळू गरीब असतं हो. त्याच्या वाटेला गेलं नाही तर ते जन्मभर तसंच बसून राहतं." मग त्यांनी मीनाक्षीच्या डोक्यावरची गाठ बोटाने हलवून पाहिली आणि तिलाच हलवून बघायला सांगितले. "सरकतं ना? दुखत नाही, गरम लागत नाही. हे असू दे. वाढलं किंवा दुखलं तर ये. मार लागून आलेलं टेंगूळ आठवडाभरात उतरतं, त्याला थंड पाण्याची घडी पुरते. मात्र डोक्याला मार बसल्यावर ओकारी आली, गुंगी आली, तर थेट इस्पितळ गाठायचं. केसतोड ठणकतं, त्याला शेक द्यायचा. आणि दाबायचं, फोडायचं यांतलं काहीच नाही. प्रत्येक गाठ वाईट नसते, पोरी. पण ती वाईट नाही हे दाखवल्याशिवाय कसं कळणार?"

मीनाक्षीने तेव्हा सोडलेला श्वास मला अजून आठवतो. मी तात्यांच्या हातात होते, तरी तो मला लागला.

आधी इंजेक्शने झाली, कोमट शेक झाला, सूज पूर्ण बसू दिली. मग एका सकाळी डॉक्टरांनी विचारले, "काढू या का आता? पिशवीसकट निघालं तर तिथे परत भरायचं नाही." तात्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मीनाक्षीकडे पाहिले. उद्या तिच्यावर कधी ही वेळ आली तर तिला आजोबांचा शेवट आठवेल की वडिलांचा धीर, हे तात्यांनी त्या क्षणी ठरवले असावे. "काढा," ते म्हणाले आणि मला त्यांनी छातीशी धरले. जागा बधिर केली होती तरी त्यांची बोटे माझ्या पट्टीत रुतली होती. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "बघायचंय?" चिमट्यात एक पांढरीशी गोळी होती. ही एवढीशी गोष्ट! हिच्यासाठी एक माणूस अर्धे आयुष्य मान वाकवून न्हाव्याच्या दुकानातही धास्तावून बसत होता.

हाराची सभा राहिलीच होती. तात्या डोक्याला पट्टी बांधून गेले. पट्टीवर मी बसणार नव्हते, तरी सवयीने मला हातात घेतले. अच्युतराव झेंडूचा हार घेऊन पुढे आले, पण तात्यांनी हात वर केला.

"अच्युतराव, थांबा. मला लाठी लागली नाही. घोषणा दिली एकदा, ती खरी. मग पळालो, तेही खरं. डोक्यावर होतं ते माझं जुनं आवाळू."

अच्युतरावांच्या हातातला हार तसाच राहिला.

"म्हणजे मी दाबलं ते..."

"आवाळू."

"अरे देवा! आणि मी रोज येऊन दाबत होतो हो!"

आधी दुर्गाबाई हसल्या, मग सगळी वाडी हसली. तात्याही हसले, पण त्यांचे बोलणे संपले नव्हते. पलीकडच्या गल्लीतल्या आनंदीबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा त्या दिवसांत पोलिसांची गोळी लागून गेला होता. तात्या त्यांच्याकडे वळून म्हणाले, "हा हार ज्याचा आहे त्याच्या तसबिरीला घाला. माझ्या गळ्यात तो शोभायचा नाही." आनंदीबाईंनी हार घेतला, ओटीत ठेवला आणि जाताना तात्यांच्या पट्टीकडे पाहून म्हणाल्या, "जपा हो डोक्याला. बरं वाटतंय ना आता?" तात्यांनी मान हलवली.

जखम भरून येईपर्यंत टोपी घालायची नव्हती. ती भरली, तरी तात्यांनी मला डोक्यावर घेतले नाही. "वारा लागतो, बरं वाटतं," म्हणायचे. एव्हाना निम्मी कचेरी बोडकी येऊ लागली होती. मी खुंटीवर राहिले. वाईट वाटले का? वाटले हो. धूळ बसे, दुर्गाबाईंचा ब्रशही महिन्यातून एखाद्या वेळीच फिरे. पण खोटे कशाला बोलू, मीनाक्षी वडिलांच्या मागे उभी राहून त्यांच्या डोक्याला तेल चोळू लागली ते मी याच खुंटीवरून पाहिले, आणि त्या दिवशी मला माझी कसर भरून निघाल्यासारखे वाटले.

एकदाच मी परत बाहेर पडले. मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य झाले, त्या एक मेला. घरोघरी तोरणे होती, रस्ता माणसांनी भरला होता. तात्यांनी मला झाडून डोक्यावर घातले आणि मी एकदम डळमळले. एक नंबर मोठी ना मी! खालचा टेकू गेला होता. तात्यांनी वरून फुगवट्यावर बोट मारले, टप् असा पोकळ आवाज आला. "पोटभाडेकरूने जागा सोडली, पण खूण ठेवून गेला," ते म्हणाले. मी तर थक्कच झाले. तो शब्द त्यांच्याही डोक्यात होता तर! मीनाक्षीने वर्तमानपत्राची घडी करून माझ्या पट्टीत सारली, तेव्हा कुठे मी नीट बसले आणि मिरवणुकीला गेले.

तात्या गेले, दुर्गाबाई गेल्या. मी मीनाक्षीच्या कपाटात असते, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. मागच्या आठवड्यात तिची नात उर्मिला कपाट उपसत होती. तिने मला डोक्यावर घातले, आरशात पाहिले आणि फुगवट्यावरून बोट फिरवत विचारले, "आजी, ह्या टोपीला हे टेंगूळ कशाने आलं गं?"

मीनाक्षी हसू लागली. पिकल्या केसांची ती बाई नातीसमोर खाली बसली, कानामागचे केस तिने बाजूला केले आणि डोके वाकवले. तिथे तो वाटाणा अजून तसाच आहे, गरीब, कुणाच्या वाटेला न जाणारा.

मित्रांनो, टोप्या हौसेने घाला, उन्हासाठी घाला, त्यांची पट्टी वेळोवेळी पुसा, आणि माझ्यासारखी एखादी म्हातारी कपाटात असेल तर वर्षातून एकदा तिला वारा दाखवा. पण आपले दुखणे आमच्या खाली लपवू नका. आम्ही इमानाने लपवतो, हाच आमचा दोष आहे. मला जे आयुष्यभर सांगता आले नाही ते मीनाक्षीने दोन शब्दांत सांगितले. तिने उर्मिलेचे बोट आपल्या डोक्याकडे नेले आणि म्हणाली,

"हात लाव."